तिसरा प्लग

आमच्या जुन्या गाडीला तीन सिलिंडर आहेत आणि त्यातला एक रुसला होता. उभी असली की गाडी थरथरायची, चढ लागला की दम टाकायची. दहिवलीहून खोपोलीला मी रोज तिनेच कामावर जाते. बाबांनी मात्र निकाल लावून टाकला होता. "इंजिन गेलं. उद्या चौकवाला येतोय, त्याला देऊन टाकू." चौकवाला म्हणजे चौक गावात हायवेवर गॅरेज असलेला माणूस, जुन्या गाड्या विकत घेतो. त्याने फोनवर इंजिनचा आवाज ऐकून स्पार्क प्लगचं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "प्लग मी सोता बदललेत, दिवाळीला." विषय तिथेच संपला. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते. त्यांनी बदलले म्हटल्यावर कोण उघडून बघणार?

मीच. गाडी गेली तर कामावर जाण्यासाठी रोज कुणाच्या तरी बाइकवर मागे बसायचं, हे संकट होतंच. पण खरं सांगायचं तर आत नेमकं काय बिनसलंय ते न कळताच ती जाणार, याने माझं डोकं फिरलं होतं. बाबा बाजारात गेले तशी मी बॉनेट उघडलं. खोपोलीहून तीन नवे प्लग आधीच आणून ठेवले होते. लांब नळीसारखा प्लगपाना बाबांच्या पेटीतून उचलला.

आई अंगणात भिजवलेले वाल सोलत बसली होती. "बाबा येऊंदेत की गं," ती म्हणाली.

"बाबा आले की उघडू नाय द्यायचे."

मोबाइलवरच्या व्हिडिओत इंजिनभोवती ऐसपैस जागा दिसते. आमच्या बॉनेटखाली मुंगीने वळायचं म्हटलं तरी पंचाईत. पहिले दोन प्लग तरी पुढ्यात होते. प्लगला वीज देणारी वरची कॉइल काढली, पाना खाली सोडला, दांडा लावून फिरवला की प्लग निघाला. दोन्हींची टोकं भाजलेल्या रव्यासारखी तांबूस होती. म्हणजे तिथे जळण नीट होतंय. गंमत वाटली. बंद खोलीत काय चाललंय याची इतकी सरळ बातमी बाहेर येते, हे मला माहीतच नव्हतं. आता तिसरा काय सांगतो ते बघायची घाई झाली.

तिसरा अगदी आत, काचेखालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात. तिथे हात अंगठ्याच्या बुंध्याशी अडकायचा. दोनदा सोलून निघाला. मी चार शिव्या घातल्या, त्या आईने ऐकल्या.

"बांगड्या भरताना करतात तसा कर ना हात," ती म्हणाली. उठून आली आणि वालाच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या हातांनी तिने माझा अंगठा तळव्यात दुमडला. मग कासारीण दाबते तशी बोटांची मुळं एकमेकींवर दाबली. "आता घाल. जोर नको लावू, ढिला सोड." हात सुळकन आत गेला. दांडा मात्र सरळ मावेना, म्हणून आधी नुसता पाना आत सोडला आणि मग त्याला दांडा जोडला. प्लग सुटेना. सुटला तेव्हा कर्र असा आवाज झाला.

तो मी वर्तमानपत्रावर बाकीच्या दोघांशेजारी ठेवला. ते दोघे वरून चकचकीत. हा वरून गंजलेला, टोकाला काजळी, मधली तार झिजून बोथट. दिवाळीला बदललेला तो नव्हताच. कित्येक वर्षांचा होता.

मला आधी बाबांचा रागच आला. इतक्या लहानशा गोष्टीसाठी गाडी विकायला निघाले होते. मग मी माझ्या सोललेल्या हाताकडे बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

एवढ्यात बाबा आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी कागदावरचे तिन्ही प्लग पाहिले.

"तिसऱ्यापरत हात गेला तुझा?"

"गेला."

"माझा नाय गेला. अंगठाच दुमडत नाय आता."

मी नवा प्लग पान्यात बसवला. बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "आदी उलटा फिरव. टक् झालं की मग सरळ. पहिले आटे हातानेच घ्यायचे." टक् झालं, ते मला बोटांना कळलं. उरलेले दोन बसवले, कॉइल लावल्या, चावी फिरवली. थरथर गेली होती. बाबांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि खिशातून फोन काढला.

"उद्या येऊ नको," ते चौकवाल्याला म्हणाले. "पोरगी द्यायला नाय म्हणते. आपला काय इलाज?"

मी अजून काहीच म्हटलं नव्हतं. आई हसली. मी हात धुतले आणि बाबांचा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून पाहिलं. तर्जनी बरी होती. मधलं बोट अर्ध्यावर थांबलं. अंगठ्याला लावताच त्यांनी श्वास आत ओढला.

"कधीपासून?"

"झालं वरीस."

"बाबा, आत्ताच कर्जतला जाऊ. दाखवून येऊ."

आम्ही दोघं असलो की गाडी नेहमी तेच चालवायचे. सवयीने ते स्टिअरिंगच्या बाजूला गेले, दारापाशी थांबले. मग दार माझ्यासाठी उघडं ठेवून पुढून वळसा घालून पलीकडे जाऊन बसले.