दीपमालाचा ‘म’

आर्णीजवळच्या खेड्यातला श्रावण चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचाच राहिला. माणूस कामाचा, दिसायलाही बरा. पण कापसाचे दिवस असे फिरले होते की मुलगा शेती करतो म्हटल्यावर पोरींचे बाप चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे. शेवटी त्याने तो नादच सोडला.

मग नवरा वारल्यावर धाकटी बहीण ममता तान्ह्या दीपमालाला घेऊन माहेरी आली. पोर बोलू लागली आणि श्रावणला म्हणाली, “बाबा!”

ममताने शिकवलं होतं ‘मामा’. पण पोरीचं नाक कायम चोंदलेलं, तोंड सताड उघडं. तिचा प्रत्येक ‘म’ हा ‘ब’ होऊनच बाहेर पडायचा. मायला ती ‘बाय’ म्हणायची. श्रावणला हे कळत नव्हतं असं नाही, पण गड्याने कानाडोळा केला. भर चौकात तिने हाक मारली की स्वारी छाती फुगवून वळायची. गाव हसलं तर हसो.

पुढे पोर झोपेत घोरू लागली, श्वास अडकून दचकून उठू लागली. घास गिळेना, नीट ऐकू येईना. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकामागची गाठ आणि टॉन्सिल वाढलेत, काढावे लागतील. “बोलणंही साफ होईल,” ते म्हणाले.

तेवढ्या एका वाक्याने श्रावणचा पाय अडला. वेचणी होऊ दे, थंडी सरू दे, असं करत त्याने दिवस ढकलले.

ममता भडकली. “दादा, तू काहून टाळून राह्यला? पोरीचा जीव गुदमरते, तुले दिसत नाही काय?”

दिसत होतं. म्हणून तर स्वतःचीच लाज वाटत होती.

ऑपरेशनच्या सकाळी त्याने पोरीला मांडीवर घेतलं. “एकडाव हाक मार मले.”

“बाबा.”

“अजून एकडाव.” नर्स न्यायला येईपर्यंत त्याने तिला सोडलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. घसा दुखतो म्हणून पोर बरेच दिवस खुणांनीच बोलली. मग एका दुपारी तो अंगणात बसला असताना मागून हाक आली, “मामा!”

लख्ख, स्वच्छ ‘म’. ममता पिठाच्या हातांनी धावत आली, हसता हसता रडू लागली. श्रावणलाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. पोर तोंड मिटून श्वास घेत होती. पण ‘बाबा’ ही हाक आता गेली, हेही त्याला कळलं.

आता तिला ऐकूही चांगलं येत होतं, शेजारच्या पोरांचं बोलणंसुद्धा. ती त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

“मामा, माहा बाबा कुठी हाये?”

श्रावणने तिला जवळ ओढलं. “तुले मामाच हाये, बाई.”