आमच्या कल्याणीने डायरेक्टरला केळीच्या बागेत नेलं

बायांनो, चुकलंमाकलं पोटात घाला, आनंदाच्या भरात लिहितेय.

आज नशिराबादला केळीच्या वेफर्सच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. सेट लावायला आमची नात कल्याणी. पहिलंच काम तिचं! मीपण गेले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन.

तिने टांगलेला केळीचा घड पाहून मुंबईचे डायरेक्टर भडकले. "उलटा आहे हा! फिरव, नाहीतर घरी जा."

पोरगी हलली नाही. "सर, आधी बागेत चला."

बागेत प्रत्येक घडाची केळी वर वळलेली, तिने टांगलेल्या घडासारखीच. मी म्हटलं, "भाऊ, बठ्ठा घड असाच शेतस, सगळे असेच!"

डायरेक्टर हसले. "कल्याणी, माझ्या सिनेमाचा सेटपण तूच लाव."

मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, असं मीच तिला शिकवलं होतं. बरं झालं, ऐकलं नाही. तुमच्या पोरी ऐकतात का?