निवृत्तीअण्णांचा आंधळा मागूर

निवृत्तीअण्णा गेल्याचं त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, मेढ्याहून फोन करून कळवलं, त्याला आता दीड महिना झाला. नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि अण्णा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. माणूस सातवी पास; पण टाकीतल्या माशांचं त्यांना जेवढं कळायचं, तेवढं मला डिग्र्या घेऊनही कळत नव्हतं.

एकदा एका मागूर माशाला बुरशी लागली आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. मी म्हटलं, टाकून द्या. अण्णांनी गुपचूप त्याला सामानाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं, टाकीत लपायला कौलाचा तुकडा, वर एक बल्ब. आठवड्यानं मला जवळजवळ ओढतच नेलं. "म्याडम, ह्याला दिसत न्हाई, पण लाईट लावली की गडी कौलाखाली जातोय बघा. बंद केली की भायेर!" मी हसले. "अण्णा, बटणाचा खटका कळत असेल त्याला." चार दिवसांनी भर दुपारी लाईट गेली आणि अण्णा माझ्या दारात हजर. "आवं, दिसण्यापुरतं दार किलकिलं ठिवून आत्ता धा येळा बटण दाबलं. खटका झाला, पण लाईट कुठली? मासा जागचा हलला न्हाई." मी थक्कच झाले... मग पुस्तकं धुंडाळली. माशाच्या कवटीच्या पातळ हाडाखाली उजेड ओळखणारा एक अवयव असतो. डोळे गेले तरी त्याला उजेड-अंधार कळतो.

पुढं सांगलीच्या परिषदेत मी हा प्रयोग मांडला. तक्त्यावर नाव एकटीचं. मासा डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून अण्णांनी आणलेला. एका सरांनी नेमकं विचारलं, "बटणाच्या आवाजानं जात नसेल कशावरून?" मी ताठ मानेनं म्हणाले, "वीज नसताना बटण दाबून मी खात्री केली आहे." मी! टाळ्या पडल्या. मागं दारापाशी उभे असलेले अण्णाही टाळ्या वाजवत होते. परतताना कराड येईतो मी खिडकीबाहेरच बघत राहिले. तेच म्हणाले, "लय झ्याक बोललासा, म्याडम." त्यांचं नाव घालायचं राहून गेलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. राहिलं बिहिलं काही नव्हतं. शिपायाचं नाव वाचून लोक हसतील, याची भीती वाटली होती मला. आज लिहिताना लाज वाटते.

मागच्या आठवड्यात मेढ्याला जाऊन आले. बाहेरच्या खोलीत काचेची टाकी, वर बल्ब. सुनंदा म्हणाली, "अण्णा आल्यागेल्याला तुमचा बटणाचा प्रयोग करून दाखवायचे. म्हणायचे, ही युक्ती म्याडमनी शिकवली."

मी म्हटलं, "नाही गं बाळा. ती युक्ती त्यांची. त्यांनी मला शिकवली."

"तुमी पण ना, म्याडम... अण्णा म्हणायचेच, मोठेपणाचा सोस कसा तो न्हाईच बाईंना." ती हसली, डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली. चहा घेताना मी पुन्हा सांगितलं. ती "असू द्या, म्याडम" म्हणत कप उचलायला लागली.

म्हणून हे छापायला दिलंय. सुनंदा, वाच गं. तो प्रयोग निवृत्तीअण्णांचा होता.