काशाची वाटी आणि सलाईन

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी आजोबांच्या तळपायांवर काशाची वाटी घासताना दिसले आणि तुम्ही घाबरलात. आजीने डॉक्टरांचं औषध बंद केलं की काय, असं तुम्हाला वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

ही वाटी मी केमोच्या वॉर्डात पाहिली, चंदगडकडच्या एका बाईंच्या हातात. नाव विचारायचं राहून गेलं. त्यांचे यजमान आजोबांच्या शेजारच्या खाटेवर होते. औषधाने त्यांच्या पायांची आग व्हायची. बाई पायथ्याशी बसून, तूप लावून, अगदी हलक्या हाताने वाटी फिरवत राहायच्या.

एकदा यजमान वैतागले आणि सलाईनची नळी उपटायला निघाले. "काढ हे. गावाकडं काढा पिऊन बरा हुतो मी."

बाईंचा हात थांबला नाही. "काढा डॉक्टरला दावलाय. ह्या औषधाबरोबर न्हाय चालत म्हणाल्यात. वाटी चालती. पायाचं मी बघतो, गाठीचं त्यास्नी बघू दे. तुमी नुसतं गप पडा की."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा आक्का, एका माणसाला किती माणसं लागत्यात."

यजमानांनी नळीवरचा हात काढून घेतला.

मीही आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं आणि मगच वाटी आणली. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांच्या यजमानांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आजोबांची केमो मात्र ठरल्याप्रमाणे चालू आहे, आणि जेवण झालं की ते आपणहून पाय पुढे करतात.