पिवळ्या कापडाचा कडुलिंब

वसुमतीबाईंच्या तोंडी 'बहुतेक' हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. तंजावुरात मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत आणि घरीदारीही तसंच बोलत, उत्तर आधी नि रीत मागाहून. नवरा गेल्यावर भाऊबंद म्हणाले, एकटी बाई राहणार कशी? त्या राहिल्या, शिवाय परसात कडुलिंब वाढवला.

त्याची एक जाड फांदी शेजारच्या बाळकृष्णरावांच्या स्वयंपाकघरावर झुकली. पन्नास साली बाईंनी ती छाटायला माणूस बोलावला, पण त्याच आठवड्यात रावांच्या लेकीला, नागलक्ष्मीला, देवी आल्या. रावांनी स्वतः येऊन बुंध्याला हळद फासली, पिवळं कापड बांधलं. कडुलिंब म्हणजे देवीचा रोग आणणाऱ्या नि बरा करणाऱ्या मारिअम्मन आईचं झाड; तिचं म्हटल्यावर कुऱ्हाड लावायची कुणाची छाती? माणूस आल्या पावली परत गेला. पोर वाचली, कापड राहिलं, फांदीही राहिली.

बावन्न सालच्या वादळात तीच फांदी कौलं फोडून रावांच्या चुलीवर उतरली. राव, बायको नि पोर, तिघंही बचावली हे नशीब. वारा पडताच राव बाईंच्या परसात हजर.

"अक्का, झाड तुमचं, भरपाई तुमची. आणि हे मुळापासून तोडा. नाहीतर मज कोर्टात जाणं भाग आहे."

झाड गेलं तर घर खायला उठेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी आवाज वर्गातलाच निघाला.

"माझं होतं तोवर मी छाटीत होत्ये. कापड बांधून तुम्ही ते मारिअम्मन आईला दिलंत. नोटीस तिच्या नावे काढा."

"थट्टा नको, अक्का."

"थट्टा नाही. तोडायचं तर आत्ता तोडू. कापड तुम्ही बांधलंत, तुम्हीच सोडा."

राव तरातरा बुंध्याशी गेले. गाठीला हात घातला. कुंपणापलीकडे नागलक्ष्मी ढिगाऱ्यातून भांडी वेचत होती. तिनं मान वर केली. चेहऱ्यावर देवीचे वण, पण दोन्ही डोळे शाबूत. "अप्पा, काय करताय?" तिनं विचारलं.

रावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वाऱ्यानं सैल झालेली ती गाठ त्यांनी घट्ट आवळली.

"कौलं मी पाहतो," ते खाली बघत म्हणाले.

"तोवर तिघंही इकडेच जेवा," बाई म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला आत गेल्या.