वरताळ्यात दिलेला भाऊ

सुरतजवळच्या सचिन-कडोदरा भागातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या क्रिकेट संघांत खेळाडूंची अदलाबदल चालते. खेळाडूबरोबर त्याची नोकरीही बदलते. आमच्या कप्तानाला कडोदऱ्याच्या संघाचा सलामीचा फलंदाज हवा होता. बदल्यात त्याने आमचा डावखुरा गोलंदाज देऊ केला.

तिकडचा शेठ म्हणाला, "इतने में नहीं होगा. ऊपर क्या दोगे?"

बैलांच्या अदलाबदलीत वर जे द्यावं लागतं, त्याला आमच्या खानदेशात वरताळा म्हणतात. कप्तानाने आमच्या बाराव्या खेळाडूकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, बोट केलं. "हा घ्या वरताळा."

"मी काय खोंड आहे का भो?" भावाने विचारलं.

"खोंडाला गिऱ्हाईक तरी असतं."

सगळे हसले. भाऊ दुसऱ्या दिवसापासून कडोदऱ्याला कामावर जाऊ लागला. राहायला मात्र घरीच होता.

पुढच्या हंगामात तो सलामीचा फलंदाज गावी गेला आणि परतला नाही. अंतिम सामन्यात भावाने आमचा निम्मा संघ बाद केला.

"आता परत ये भो," कप्तान म्हणाला.

रीतीप्रमाणे भावाने आमच्या सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही, आणि तो कडोदऱ्याच्या टेम्पोत चढला. त्या आठवड्यात आई त्याचं अंथरूण तिकडे पोहोचवून आली.