उजेडाच्या बाहेर

नागभीड स्टेशनवर रात्री दिव्यापासून दूरच्या बाकावर गाडीची वाट पाहत मी लॅपटॉपवर पाणबुडीचा खेळ खेळत होतो. खेळातही अंधारी रात्र होती आणि शत्रूचं जहाज काही केल्या दिसेना. मी स्क्रीनचा उजेड वाढवत चाललो होतो.

शेजारी मांडीवर मोहफुलांची पिशवी घेऊन एक म्हातारा बसला होता. बोलताना तो माझ्या तोंडाकडे न पाहता कानाच्या बाजूला कुठंतरी पाहायचा.

"उजेड कमी करा भाऊ," तो म्हणाला. "अन् सिद्धं पाहू नोका. जरासं बाजूले पहा."

मी तसं केलं. काळ्या पाण्यावर काळं जहाज हळूच उमटलं.

"हे कुठं शिकलात?"

"जंगलात. पण उशिरा शिकलो," तो म्हणाला. "एक दिवस पहाटं माही बायको मोह येचून राह्यली होती, मी बॅटरी धरून उभा होतो. उजेडात फुलं तेवढे दिसले. वाघ उजेडाच्या बाहीर होता."

माझं बोट टॉर्पेडोच्या बटनावरून आपोआप निघालं.

गाडी आली. पिशवी उचलताना त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मला ते झेपलं नाही. मी जरासं बाजूला पाहिलं.